भाड्याचे शेजारी

नागपूरला जाणाऱ्या बसमध्ये मला बसवून द्यायला आरमोरीच्या स्टँडवर दोन माणसं आली होती. एक बाबा, दुसऱ्या मेश्राम बाई. बाबा राईस मिलमध्ये पोती उचलत आणि आमच्या दोन बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान पिकवत. मेश्राम बाई माझ्या शाळेतल्या शिक्षिका. बाबांनी बॅग सीटखाली ढकलली आणि खाली उतरून खिडकीशी आले. "गावाकडचं कोनी आलं तं तोंड नोको फिरवजो," म्हणाले. "आपला मानूस होय तो." बाईंनी काही सांगितलं नाही. त्यांनी आयुष्यभर इतकं सांगितलं होतं की त्या दिवशी उरलंच नसावं.

जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. गावात माझ्याबद्दल बरंच बोललं गेलं. त्यातलं बहुतेक खरं आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. दहावीचा निकाल लागला तेव्हा बाबा मला मिलमालकाच्या घरी धुणीभांडी करायला पाठवणार होते. मेश्राम बाई घरी आल्या, अंगणात खाटेवर बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, ही पोरगी बी.कॉम. करते अन् तुम्ही हो म्हणता. झालं." बाबा हसले आणि हो म्हणाले. शिष्यवृत्तीचे सगळे फॉर्म बाईंनी भरून दिले. एरवी त्या स्वतःही 'मले'च म्हणत, पण वर्गात आम्ही तसं म्हटलं की 'मला' म्हणायला लावत. शहरात कोणी हसू नये म्हणून.

शहरात कोणी हसलं नाही. उलट माझ्या 'मले'ला तिथे गिऱ्हाईक होतं.

मला नोकरी लागली ती प्लॉट विकणाऱ्या एका ऑफिसात. गडचिरोली आणि चंद्रपूरकडचे शिक्षक, नर्स, पोलीस, वनरक्षक यांना फोन करायचे. या लोकांची नोकरी जंगलात, बदल्या जंगलात, आणि मनात एकच असतं की नागपुरात चार भिंतींपुरती जागा असावी. पहिल्या आठवड्यात मी शाळेत शिकलेली शुद्ध मराठी बोलत होते. आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "बातम्या काऊन देऊन राह्यली? घरी आईशी बोलते तशी बोल ना. अपने को ओरिजिनल चीज चाहिए."

मग मी तशी बोलू लागले. "मी आरमोरीकडची, तुमचीच पोरगी होय." समोरचा माणूस लगेच मऊ व्हायचा. माझं गाव कुठलं, कोणाची मुलगी, धान कसं आहे, असं विचारायचा. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मला तेव्हा त्यात वावगं दिसलं नाही. आपली बोली उपयोगी पडते याचा अभिमानच वाटला.

दुसऱ्या वर्षी एका मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, तुमच्या गावात लोक जमीन घेताना विश्वास कशावर ठेवतात? मी उत्साहाने सांगितलं. आमच्याकडे सौदा पक्का करण्याआधी घेणारा आणि विकणारा दोघं मिळून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चक्कर मारतात. चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलावतात. प्रत्येक शेजारी आपल्या बाजूला उभा राहून सांगतो, इथपर्यंत याचं, इथून माझं. काही भानगड असेल तर तिथेच सांगतो. कोणाच्या बहिणीचा हिस्सा राहिला आहे, कोणाचा वाद चालू आहे. बाबांना अशा फेरीला आसपासच्या तीन-चार गावांतून बोलावणं येई, त्यांचा धुरा लागत नसला तरी. ते काही लपवत नाहीत एवढंच कारण.

सर टेबलावर हात मारून म्हणाले, "ये चाहिए!"

पुढच्या रविवारपासून आमच्या साईटवर धुरा फिरवणं सुरू झालं. केशरी झेंडे, चुन्याच्या रेषा, आणि गिऱ्हाईक आलं की मी पुढे, ते मागे. चार कोपऱ्यांवर चार शेजारी उभे. खऱ्या शेजाऱ्यांना कोणी बोलावलं नव्हतं. एक ऑफिसचा ड्रायव्हर, एक पाण्याचा टँकरवाला, दोघं चुना मारणारे मजूर. त्यांना धोतर आणि टोपी ऑफिसने आणून दिली होती. पहिल्या दिवशी ड्रायव्हर मला डोळा मारून म्हणाला, "मॅडम, आज मी पाटील होय. नमस्कार करा!" सगळे हसले. मीही हसले. हे मी लपवत नाही.

खरे शेजारी का बोलावले नाहीत, हे मला पुढच्याच महिन्यात कळलं. एक बाई छत्री घेऊन साईटच्या फाटकाशी आली आणि ओरडू लागली. ऑफिसला जमीन विकणाऱ्याच्या मेलेल्या भावाची ती बायको. तिचा हिस्सा त्या जमिनीत होता आणि तिने कशावरही सही केली नव्हती. आजूबाजूच्या प्रत्येक शेतकऱ्याला ते माहीत होतं. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "तू तरी सांग वं लोकायले." मी सरांना विचारलं. ते म्हणाले, वेडी आहे, कोर्टात आपलीच बाजू आहे, तू सौदे क्लोज करण्याकडे लक्ष दे. मी लक्ष दिलं.

आणि मग मेश्राम बाईंचा फोन आला. त्या निवृत्त होत होत्या. सगळी नोकरी कुरखेडा, धानोरा, आरमोरी अशी भाड्याच्या खोल्यांत गेली. गुडघे दुखायचे, दवाखाना नागपूरला. "तुझ्याकडं चांगली जागा हाये म्हनते ना सगळे. मले दाखव," म्हणाल्या. त्याच वेळी मी नाही म्हणू शकले असते. बाई, इथे नको, एवढे तीन शब्द होते. पण त्या महिन्यात माझं टार्गेट अपुरं होतं, आणि मी स्वतःला समजावलं की कोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला तर बाईंचं भलंच होईल. बी.कॉम. झालेल्या माणसाला स्वतःला समजावणं फार छान जमतं.

बाई आल्या तेव्हा बाबांनाही सोबत घेऊन आल्या. "धुरा फिराचा तं भाऊ पाहिजेत," असं त्यांचं म्हणणं. कागद त्यांनी पाहिले नाहीत. आमच्याकडे परक्याचे कागद पाहतात. आपल्या पोरीकडे कागद मागणं म्हणजे तिच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, आणि बाई तसं करणाऱ्या नव्हत्या.

बाबा ड्रायव्हरच्या कोपऱ्यावर थांबले. खिशातला तंबाखू-सुपारीचा खर्रा काढून त्याला दिला आणि विचारलं, "तुमच्या वावरात काय पेरलं, पाटील?" ड्रायव्हर गडबडला. "हे... सगळंच हाये, काका." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुन्याच्या रेषेकडे पाहिलं. मग बाबा बाईंना म्हणाले, "ठीक हाये, बाई." बाईंनी त्याच दिवशी करारावर सही केली. निवृत्तीचे जवळजवळ सगळे पैसे त्यात गेले.

आठ महिन्यांत त्या छत्रीवाल्या बाईच्या दाव्यावर कोर्टाची स्थगिती आली. फाटकाला कुलूप लागलं आणि सरांनी दुसऱ्या नावाने दुसरीकडे ऑफिस उघडलं. मला तिथेही बोलावलं होतं. मी गेले नाही. पण त्याचं श्रेय घ्यायची माझी छाती नाही. कुलूप लागायच्या आधी नोकरी सोडली असती तर गोष्ट वेगळी.

गावी गेले तेव्हा बाबा अंगणात दोरी वळत होते. हातातला पीळ पुरा केला. मग म्हणाले, "त्या मानसाचे हात वावरातले नव्हते. मी तवाच पाह्यलं."

"मग बोलले का नाही बाबा?"

"तू उभी होती ना तिथी."

त्यानंतर त्यांना धुऱ्यावर कोणी बोलावलं नाही. कोणी भांडलंही नाही. फक्त बोलावणं थांबलं. माझ्या पगारातून घरावर पत्रे आले होते, आईची डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, आणि मी कृतज्ञ मुलगी म्हणून गावात ओळखली जात होते. त्या पत्र्यांखाली बाबा आता लवकर झोपतात. मी महिन्यातून एकदा जाते. घर पूर्वी सुटकेसारखं वाटायचं. आता बसमधून मी सगळ्यांच्या शेवटी उतरते. तरी जाते, कारण नागपुरातल्या खोलीत मला कोणी ओळखत नाही, आणि जिथे कोणी ओळखत नाही तिथे आपण कोणाचे अपराधी आहोत हेही विसरायला होतं.

मेश्राम बाई आरमोरीत अजून भाड्याच्याच खोलीत राहतात. त्यांनी ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. त्यांचे वकील म्हणाले, ऑफिसातलं कोणी खरं काय ते लिहून दिलं तर केस उभी राहील, पण लिहून देणाराही अडचणीत येईल. मी लिहून देते म्हटलं. मसुदा करून बाईंकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन घेतला, जुनी सवय. एका ओळीवर थांबल्या.

"'शेजारी खोटे असल्याचे मला नंतर समजले.' नंतर?"

त्यांनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली.

"खरं हाये का हे?"

"नाही, बाई."

"मंग खोड."

मी खोडलं आणि वर लिहिलं, 'मला सुरुवातीपासून माहीत होते.' त्या छत्रीवाल्या बाईचंही लिहिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांचा आवाज नेहमीचाच राहिला. "मले सांगाचं होतं ना वं," एवढंच म्हणाल्या. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांचं बोट वरच्या ओळीवर गेलं. तिथे मी माझ्या नागपूरच्या खोलीचा पत्ता टाकला होता.

"हे तं खोली होय. गाव कुठी हाये?"

"गावाचं नाव या कागदात नको, बाई. बाबांना अजून त्रास."

बाईंनी चष्मा काढला. "खोटं विकताना तं सगळ्यायले सांगत होती, मी आरमोरीकडची म्हनून. आता खरं लिहून राह्यली तं लाज वाटते?"

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवला. मी 'राहणार' लिहिलं, पुढे माझ्या गावाचं नाव, तालुका आरमोरी, जिल्हा गडचिरोली, आणि खाली सही केली.