पट्ट्याची मुदत आणि कोंढ्याचं धान

आमचं घर आमचं होतं, पण त्याच्या खालची जमीन सरकारची होती, ही गोष्ट मला वयाच्या चोविसाव्या वर्षी कळली. (तोवर मी भंडाऱ्याच्या त्या घराच्या छपरीत, म्हणजे ओसरीत, जमीनदाराच्या थाटात पाय पसरून बसत असे!) आजोबांनी नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, जागा तीस वर्षांच्या पट्ट्यावर घेतली होती, आणि ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास ती तीस वर्षं भरत आली. मुदत वाढवून मिळाली नाही तर घर उचलून ठेवायचं कुठं, या काळजीनं बाबांचं जेवण अर्ध्यावर आलं.

मी नुकताच शाळेत मास्तर झालो होतो, म्हणून पट्ट्याचा कागद माझ्या हाती आला. काय तो कागद! वर सरकारी मोहर, खाली आजोबांचा अंगठा. तो हातात धरूनच मी दोन इंच उंच झालो. "बाबा, एकेक शब्द वाचल्याबिगर कशावर सही करायची नसते," हे ज्ञान मी घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पाजू लागलो.

वाचता वाचता मी पाचव्या कलमाशी अडलो. जागा फक्त राहण्यासाठी. गोदाम किंवा व्यापार आढळला तर पट्टा रद्द! आणि आमच्या मधल्या खोलीत होतं काय? कोंढा गावच्या आमच्या शेतातलं वर्षभराचं धान. पुरुषभर उंचीची बांबूची ढोली, तिच्या बाजूला बारा पोती. आणि चार दिवसांनी नझूलचे साहेब तपासणीला यायचे होते!

"आई, हे धान हलवावं लागते."

"काहून?"

"गोदाम दिसून राहिलं हे."

"अरे बापा! खायचं धान गोदाम कसं होईन?"

"कायदा आहे तो. तुले नाही समजत."

बाबा म्हणाले, "शिकला आहे तो. करू दे त्याले." (आमच्या घराचं आजवरचं सगळ्यात मोठं नुकसान याच वाक्यानं केलं आहे.)

धान शेजारच्या यशोदाबाईकडे गेलं. मग मला जिकडेतिकडे व्यापारच दिसू लागला! आईची शिलाई मशीन? म्हणजे टेलरिंगचं दुकान. गेली मागच्या गल्लीत. पाटा-वरवंटा? मसाल्याचा कारखाना. गेला समोर. तीन बाजा? लॉज! त्याही यशोदाबाईकडे. भांड्यांची उतरंड खानावळीसारखी दिसते म्हणून तीही गेली. शेवटी मी स्वतः चुना कालवला आणि सगळ्या भिंती पांढऱ्याफटक करून टाकल्या. तपासणीच्या दिवशी तर चूलही पेटू दिली नाही. सगळ्यांनी यशोदाबाईकडून आलेले पोहे उभ्यानं खाल्ले.

साहेब आले. बारीक अंगाचे, काखेत छत्री. मी इस्त्रीचा शर्ट पॅंटमध्ये खोचून, कागद छातीशी धरून दारात उभा. "अर्जदारांचं म्हणणं असं आहे, की सदर जागेत कोणताही व्यापार चालत नाही," मी सुरू केलं. साहेब आत गेले. एक खोली, दुसरी खोली. चुलीत हात घालून थंडगार राख पाहिली.

"इथं कोणी राहते का जी?" त्यांनी विचारलं. रिकाम्या घरात तो प्रश्न दोनदा ऐकू आला!

"म्हणजे काय, राहतात न!"

"मले तर दिसत नाही. रिकामी पडली असन जागा, तर पट्टा रद्द होते. सहावं कलम."

"सहावं?"

"मागच्या पानावर आहे. पान उलटवलं नाही का तुम्ही?"

नव्हतं उलटवलं! बाबा पायरीवर जाऊन बसले.

आई उठली. पदर कमरेला खोचला आणि छपरीत जाऊन एकच हाक मारली, "यशोदे! आण वं माहं धान!"

आणि मग मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही. अख्खी गल्ली चालत आली! माणसांच्या पाठीवर पोती, बायांच्या डोक्यावर उतरंडीची मडकी, दोघांच्या खांद्यावर मशीन, आणि चौघांच्या हातावर ती ढोली, देवाच्या पालखीसारखी डुलत. आई छपरीतूनच, "पाटा उजवीकडं! बाज आत!" असं ओरडत होती. कोणाकडे काय गेलं हे मी वहीत लिहून विसरलो होतो; तिला सगळं तोंडपाठ होतं. माझी आई इतकी मोठी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

साहेबांनी पोत्यात हात घातला. दोन दाणे काढून दाताखाली फोडले.

"ही लुचई जात काय जी?"

"होव जी. कोंढ्याची," आई म्हणाली.

"साहेब, हे गोदाम नाही..." मी भिंतीला चिकटून म्हणालो.

"गोदाम कायले होईन? बिनधानाच्या घरात माणसं राहतात, हे भंडाऱ्यात मले कोणी पटवून दाखवा!" असं म्हणून त्यांनी बाजेवर बसून पंचनामा लिहिला. मी काही न वाचताच, ते दाखवतील तिथं सही ठोकली.

दोन महिन्यांनी मुदतवाढ आली. पुरी तीस वर्षं! बाबा त्या दिवशी दोनदा जेवले. सोबत पंचनाम्याची नक्कल होती, ती मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचू लागलो: "घरात बाजा दोन, राहणारी माणसं दोन, नवरा-बायको." (तिसरी बाज, म्हणजे माझी, आली नव्हती. तिच्यावर यशोदाबाईचे सासरे झोपले होते, आणि त्यांना उठवायची कोणाची छाती झाली नाही!) पुढची ओळ होती, "कागद वाचून दाखवणारा एक बाहेरचा इसम हजर." आणि त्याखाली, सुवाच्य अक्षरात, माझी सही.

पुढं माझं लग्न झालं. आईनं सुनेच्या हाती किल्ल्या दिल्या आणि त्यासोबत ती नक्कलही दिली. तेव्हापासून मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, की बायको ती नक्कल ठेवलेल्या ट्रंकेकडे बोट दाखवते.

"सरकारी कागदात तुम्ही बाहेरचे आहात जी. पाहुण्यानं जेवणाले नावं ठेवू नाही."

मी मुकाट्यानं जेवतो. सही माझीच आहे!