सेक्टर दहामधली शेवटची खुर्ची

“ती दश्शी आपल्याले वाचवणार होती. शेवटच्या खुर्चीनं खाल्ली ना!”

भिलाईत माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. मी सेक्टर दहामधल्या क्वार्टरच्या दारात उभी होते. पाठीवर सॅक, हातात आईनं दिलेला चिवड्याचा डबा. समोर बैठकीत जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर ताणून बसवलेली, त्यावर पत्ते आणि चिंचोक्यांचे ढीग. वाक्य शेजारच्या वासनिक काकूंचं होतं. ज्या खुर्चीवर ठपका होता, तीत माझी आत्या बसली होती.

आत्या मला बघून उठली. “बरं झालं तू आली,” ती माझा डबा घेत म्हणाली, “मले उठायले कारण भेटलं.”

सगळे हसले. आत्याही हसली, पण हसून झाल्यावर ती पुन्हा टेबलाशी गेली नाही. स्वयंपाकघरात गेली.

मला इथं मुद्दाम बोलावलं होतं. आत्याचा फोन आला होता, “तू इंग्रजी शाळेतली. आमच्या खेळात सगळे शब्द इंग्रजी. ये अन् मले नीट समजावून दे.” परीक्षा संपली होती, थंडीचे दिवस होते. फोनवर मी सहसा नाही म्हणत नाही, कारण फोनवर मी सहसा काहीच म्हणत नाही. नाशिकहून दुर्गपर्यंतच्या प्रवासात मी ब्लॅकजॅकचे शब्द वाचत आले. एक नवी वही केली, पहिल्या पानावर समास आखला.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाची लढत वाटणाऱ्याशी, म्हणजे डीलरशी. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. राजा, राणी, गुलाम हे सगळे दहाचे. डीलरचा एक पत्ता उघडा, एक झाकलेला. आणखी पत्ता हवा असेल तर ‘हिट’, नको असेल तर ‘स्टँड’. एकवीस ओलांडलं की ‘बस्ट’. वासनिक काकू मात्र बस्टला ‘उतू गेलं’ म्हणत, आणि मला तेच जास्त पटलं.

डीलर कायम आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. पहिल्या खुर्चीत साहूजी. ते आतोबांच्या खात्यातून निवृत्त झालेले, कुरुदचे, मूळचे छत्तीसगढी. मधे वासनिक काकू आणि शेवटी आत्या. हा क्रम मी यायच्या कितीतरी वर्षं आधीपासूनचा होता.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मला मधे एक जादा खुर्ची मिळाली. माझ्याकडे पंजी आणि तिर्री, म्हणजे आठ. मोठ्या कॅसिनोत तोंडानं बोललेलं धरत नाहीत, हाताची खूण धरतात, असं मी वाचलं होतं. मला तो नियम फार आवडला होता. जगात एक तरी खेळ माझ्यासाठी बनवलाय, असं वाटलं होतं. मी टेबलावर दोन बोटं टकटक केली.

आतोबा पुढं गेले.

मी पुन्हा टकटक केली.

“पोरीनं स्टँड केलं,” आतोबा म्हणाले. “आठावर! हिंमत आहे.”

मग साहूजींनी मला समजावलं, “बेटा, यहाँ बोलना पड़ता है।”

आतोबांची आजवरची सगळी नोकरी पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये, कंट्रोल केबिनमध्ये गेली. तिथं लाल तापलेला रूळ समोरून धावतो आणि आवाज एवढा, की शेजारच्याचं ऐकू येत नाही. इंटरकॉमवर सांगायचं, ऐकणाऱ्यानं तेच शब्द परत म्हणायचे, मगच बटण दाबायचं. “खूण कोणाले दिसते, कोणाले नाही दिसत,” आतोबा म्हणाले. “आमच्याकडं बोललं तेच खरं. अन् रिपीट केल्याबिगर काम होत नाही.”

म्हणून त्या टेबलावर खेळाडू ‘हिट’ म्हणाला की आतोबा म्हणत, ‘हिट, दिला.’ कोणी ‘डबल’ म्हणालं, म्हणजे चिंचोके दुप्पट करून एकच पत्ता घेतला, की ‘डबल, एकच, दिला.’ गप्प राहणं म्हणजे स्टँड. मी त्या दिवशी आठावर, अकरावर आणि एकदा चक्क सहावर स्टँड केलं.

त्या आठवड्यात आतोबांची सकाळची पाळी होती. दुपारी अडीचला ते स्कूटरवरून यायचे, जेवून थोडं पडायचे, आणि पाचला टेबल मांडलं जायचं. तोवर दिवस माझा आणि आत्याचा. सेक्टरमधल्या रस्त्यांना इथं नाव नाही, ‘सडक’ आणि पुढं आकडा. दोन्ही बाजूंना एवढी मोठी झाडं, की सकाळी दहालाही रस्त्यावर सावलीच. झाडं संपली की क्षितिजावर कारखान्याच्या चिमण्या. आत्या त्यांच्याकडं बघून वारा सांगायची, “आज धूर जुनवानीकडं चालला, कपडे बाहेर वाळत घाल.”

शब्द समजावून द्यायला मी आले होते, पण मंगळवारी सकाळी मटार सोलताना उलटंच झालं. ‘सॉफ्ट हँड’ म्हणजे काय, हे मी वहीतून वाचून दाखवलं. एक्का अकराचाही धरता येतो आणि एकाचाही, वगैरे. आत्यानं ऐकून घेतलं.

“म्हणजे इलास्टिकची कंबर,” ती म्हणाली. “जास्त झालं तर ताणते. एक्का नसला तर नाडीची गाठ. तुटली म्हणजे तुटली.”

मी ते समासात लिहून घेतलं. ‘स्प्लिट’ म्हणजे सारखे दोन पत्ते आले तर वेगळे करून दोन डाव खेळायचे, तर आत्या म्हणाली, “जुळ्यांचे दोन पाळणे.” ‘पुश’ म्हणजे बरोबरी, कोणाचे चिंचोके कोणाला नाहीत. आणि डीलरचा एक्का दिसला की ‘इन्शुरन्स’ विचारतात, म्हणजे त्याचे एकवीस झाले तर भरपाई मिळावी म्हणून जादा चिंचोके लावायचे, तो ती कधीच घेत नसे. “काळजी विकत कावून घ्यायची?”

तेव्हा मला कळलं की तिला सगळं येतं. मला बोलावलं होतं ते वेगळ्यासाठी.

“काल मी बारावर हिट कावून म्हटलं, सांग,” तिनं हळूच विचारलं. “डीलरची तिर्री दिसत होती.”

मी वहीतला तक्ता काढला, कोणत्या बेरजेवर पत्ता घ्यायचा याचा. बारा आणि समोर तिर्री असेल तर पत्ता घ्यावा, असंच त्यात होतं.

“बरोबर होतं,” मी म्हणाले.

“मग हे त्यांले सांग ना.”

मी मटार सोलत राहिले.

झालं असं होतं, की आत्यानं तो पत्ता घेतला, ती दश्शी निघाली, आत्या बस्ट. मग आतोबांकडे तेरा होते, त्यांना अठ्ठी आली, एकवीस झाले आणि सगळे हरले. आत्यानं पत्ता घेतला नसता तर दश्शी आतोबांकडे जाऊन तेच उतू गेले असते. शेवटच्या खुर्चीनंतर थेट डीलरचा नंबर असतो, म्हणून सगळं पाप त्या खुर्चीचं. “रोजचंच आहे,” आत्या म्हणाली. “आता मी रविवारपासून बसत नाही. चहा करीन. तू बस तिथं.” मग सालं गोळा करत, “एवढा एकच तास असतो वं माझा दिवसाचा.”

त्याच संध्याकाळी मात्र वेगळं घडलं. आतोबांची दुर्री उघडी होती. आत्यानं बारावर हिट मागितला आणि नव्वी घेतली, एकवीस. आतोबांनी झाकलेला पत्ता उलटला, दश्शी. बारा. पुढचा आला राजा. बावीस, बस्ट! सगळे जिंकले. नव्वी आत्यानं उचलली नसती तर ती आतोबांकडे जाऊन त्यांचेच एकवीस झाले असते. मी वाट बघत होते, कोणीतरी म्हणेल. साहूजींनी चिंचोके ओढले आणि म्हणाले, “आज अपनी किस्मत चमक रही है।”

मी ते लिहून ठेवलं. त्यानंतर शब्दांबरोबर हेही लिहीत गेले, की शेवटच्या खुर्चीनं कधी बुडवलं, कधी तारलं.

गुरुवारी साहूजींनी आम्हाला कुरुदला घरी नेलं. एका बाजूला धानाची कापलेली शेतं, दुसऱ्या बाजूला नव्या फ्लॅटच्या इमारती, आणि मधे साहूजींचं अंगण. त्यांच्या पत्नीनं फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट गोळे) आणि टोमॅटोची चटणी दिली. साहूजी सगळ्यांना मंगळवारचा डाव सांगत होते. आत्या खाली बघून खात होती. मी मनात वाक्य जुळवलं, धीर केला, आणि तोंड उघडण्याऐवजी अख्खा गरम फरा त्यात घातला. डोळ्यांत पाणी आलं. साहूजींच्या पत्नी म्हणाल्या, “मिर्ची लागिस का?” मी मान हलवली. तेवढं एक बरं असतं, मान हलवायला आवाज लागत नाही.

शुक्रवारी दुपारी आतोबा झोपले होते. आत्या ओट्याशी उभी राहून एकटीच पत्ते मांडत होती. ओठांतल्या ओठांत दोन्ही बाजूंचं बोलत होती. “हिट. हिट, दिला.” आतोबांच्या चपला वाजल्या तसे तिनं पत्ते कणकेच्या डब्यामागं सरकवले.

हे मी परतीच्या गाडीत लिहिते आहे. गोंदिया मागं पडलंय. मांडीवर आत्यानं दिलेला ठेठरीचा (बेसनाच्या कुरकुरीत कड्यांचा) डबा आहे आणि शेजारचे आजोबा मघापासून त्याकडं बघतायत. त्यांना विचारायला हवं. भिलाईत काय पाहिलं, असं घरी विचारतील. चिमण्या, सावलीचे रस्ते, इतक्या भाषा एका टेबलावर. ते मी सांगेन. पण वहीत बघताना वाटतं, एखादा शब्द कळणं आणि तो तोंडातून बाहेर काढणं यात नाशिक ते दुर्गएवढं अंतर असतं, आणि मी आजवर घरूनच निघाले नव्हते. स्टेशनवर मला साहूजी सोडायला आले. आत्या आणि आतोबा दोघंही टेबलावरून उठायला तयार नव्हते. ते कशामुळं, एवढंच लिहायचं राहिलंय.

आज रविवार. गाडी संध्याकाळची म्हणून टेबल जेवणानंतर लगेच मांडलं. आत्या खरंच बसली नाही. दारात माझी बॅग, आत चहाचं आधण, आणि शेवटच्या खुर्चीत मी.

माझ्याकडे राजा आणि दुर्री. बारा. आतोबांची तिर्री उघडी. पुन्हा तेच! साहूजी तेरावर स्टँड, काकू चौदावर स्टँड. माझी पाळी आली. तक्ता मला पाठ होता. ‘हिट’ एवढंच म्हणायचं होतं.

“स्टँड,” आतोबा माझ्या वतीनं म्हणाले. त्यांनी झाकलेली राणी उलटली, तेरा. पुढची अठ्ठी. एकवीस.

“अवो पोरी!” वासनिक काकूंनी कपाळाला हात लावला. “घेतली असती तर अठ्ठी तुले आली असती. वीस झाले असते तुझे!”

साहूजींनी गड्डीवरचा पुढचा पत्ता उलटला. गुलाम. “और ये डीलर को जाता। तेईस।”

“खुर्चीच खराब आहे,” काकूंनी निकाल दिला.

घेतला तरी खुर्ची, नाही घेतला तरी खुर्ची. स्वयंपाकघरात कपबशा वाजायच्या थांबल्या होत्या.

मी वही उघडून आतोबांसमोर सरकवली. पान भरलं होतं, वार घालून. शेवटच्या खुर्चीनं बुडवलं, चार वेळा. तारलं, पाच वेळा. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं. अक्षराची तारीफ केली. मग वही माझ्याकडं परत सरकवली.

“लिहिलेलं आमच्याकडं चालत नाही, बाई. बोललं तर खरं.”

आत्या दारात येऊन उभी होती, हातात ट्रे. चहा कपातून हिंदकळून ट्रेमध्ये सांडत होता, आणि तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

मी उठले. खुर्ची मागं सरकली, तिचा केवढा आवाज झाला.

“आतोबा,” मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला दुसऱ्याचा वाटला. “दश्शी काय, अठ्ठी काय, पत्ते तुम्ही पिसले होते. आता शेवटच्या खुर्चीत तुम्ही बसा. पत्ते आत्या वाटेल.”

खिडकीतल्या वाऱ्यानं चादरीचं एक टोक फडफडत होतं. साहूजी आतोबांकडं बघत होते, काकू आत्याकडं. आतोबांच्या हातात गड्डी तशीच होती. ते गप्प राहिले, अगदी माझ्यासारखे. पण गप्प राहून या घरात काम होत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

“आतोबा,” मी म्हणाले, “रिपीट करा.”