चिंधी बांधलेली दोन झाडं

चारुशीलाबाईंनी माणिकबाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा माणिकबाईंच्या चपला हातात होत्या. जून महिना होता. अमरावतीतल्या त्या कॉलनीच्या मोकळ्या जागेवर रहिवाशांनी मिळून भाजीबाग करायला घेतली होती. तारेच्या कुंपणाशी साठीपलीकडची एक नऊवारीतली बाई चपला काढून आत येत होती. कॉलनीतल्याच धर्मपालनी मजूर बोलावलेली दिसते, असं चारुशीलाबाईंना वाटलं.

"रोजानं येता का हो?"

"येतो ना. रोज काय देता?"

"तुम्ही काय घेता?"

"दोन टाइम चाय. अन् वावरात कोणी चपला घालून आलं तं त्याले हाकलाची मुभा!"

चारुशीलाबाईंनी खाली पाहिलं. त्या चपला घालूनच वाफ्यात उभ्या होत्या. मागाहून कळलं की ही दुसऱ्या गल्लीतल्या किशोरची आई. नवरा गेल्यावर नांदगाव खंडेश्वरजवळचं शेत विकलं आणि मुलानं तिला इकडे आणलं. चारुशीलाबाई ओशाळल्या. माणिकबाईंनी मात्र ते हसण्यावारी नेलं.

बागेची व्यवस्था चारुशीलाबाईंकडे होती. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे पाळ्यांचा तक्ता, वाफ्यांवर पाट्या, खताच्या खड्ड्याला झाकण, सगळं रेखीव. माणिकबाईंचं नाव तक्त्यात नव्हतं, पण रोज सकाळी सहाला त्या हजर. पानाची खालची बाजू बोटानं चाचपून कीड ओळखत. एस. टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर धर्मपाल थेंबथेंब पाणी शिंपडू लागले की म्हणत, "भाऊ, पाणी देऊन राहिले का तिकिटं फाडून राहिले?" धर्मपाल मुकाट्यानं बादली ओतत.

पहिल्या पावसाळ्यात माणिकबाईंनी पदराआडून एक गोवरी आणली. तिच्यात वांग्याचं बी थापून ठेवलेलं होतं.

"माह्या मायनं देल्लं मले लग्नात. हिरव्या रेघाचं, काटेरी वांगं. चाळीस वर्सं वावरात लावलं. वावर गेलं, आता हे एवढंच राह्यलं. जुनं झालं बी, किती उगवन काय सांगता येत नाही."

चारुशीलाबाई तेव्हा रोपवाटिकेवाल्याशी फोनवर बोलत होत्या. त्यांनी "हो, हो" म्हणून मान हलवली आणि कोपऱ्यातला वाफा दाखवला. सातच रोपं जगली. दिवाळीनंतर त्यांना अशी वांगी लागली की कॉलनीत भरिताच्या पंगती झाल्या.

जानेवारीत माणिकबाई चार दिवस लेकीकडे अकोल्याला गेल्या आणि नेमके त्याच आठवड्यात बागांच्या स्पर्धेचे परीक्षक यायचे ठरले. आदल्या दिवशी चारुशीलाबाई वहीपेन घेऊन बागभर फिरल्या. कोपऱ्यातली दोन झाडं त्यांच्या डोळ्यांत खुपली. दोन्हींना लाल चिंध्या बांधलेल्या, आणि वर न तोडलेली, पिवळी पडलेली जून वांगी लोंबत होती.

"हे बघा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "झाडाला नजर लागू नये म्हणून चिंध्या! जन्मभर विज्ञान शिकवलं मी, आणि माझ्याच बागेत हे!"

दोघेतिघे हसले. धर्मपाल म्हणाले, "म्याडम, माणिकबाईले इचारू द्या ना एकडाव."

"विचारायचं काय त्यात? उपटा."

झाडं खड्ड्यात गेली. बाकीची पाच झाडंही थकलीच होती, तीही गेली. परीक्षकांनी दुसरं बक्षीस दिलं आणि प्रमाणपत्रात स्वच्छतेचा खास उल्लेख केला.

सोमवारी माणिकबाई आल्या. चपला काढल्या आणि थेट कोपऱ्यात गेल्या.

"अवं, माह्ये चिंधीचे झाडं कुठं गेले?"

"काढली आपण. नजरेच्या चिंध्या बऱ्या दिसत नव्हत्या हो, परीक्षक येणार होते."

"नजरेच्या?" माणिकबाईंना आधी समजलंच नाही. "बियाण्याचे होते ते. सगळ्यात चांगलं झाड पाहाचं, त्याचं फळ तोडाचं नाही, पिवळं होऊ द्याचं. कोणी चुकून तोडू नये म्हून चिंधी. हे काय सांगा लागते?"

चारुशीलाबाईंना जूनमधली ती गोवरी आठवली. 'एवढंच राह्यलं' हे वाक्य आपण ऐकलं होतं, हेही आठवलं. बीजधारणा हा धडा त्यांनी एकतीस वेळा शिकवला होता. प्रत्येक वर्षी फळ्यावर वांग्याचा छेद काढून.

त्यांनी फावडं उचललं. भर दुपारपर्यंत खड्डा उपसला. साडी शेणात माखली, तरी धर्मपालच्या हातात फावडं दिलं नाही. तळाशी तीन वांगी सापडली, लगदा झालेली, आणि खताच्या वाफेनं हाताला चटका बसत होता. माणिकबाईंनी बी धुतलं, राखेत घोळवलं, ट्रेमध्ये पेरलं. महिनाभर दोघी रोज ट्रेपाशी उभ्या राहत. काहीही उगवलं नाही.

"चुकलं माझं," चारुशीलाबाई एकदाच म्हणू शकल्या.

"तुमचा काय दोष म्याडम. तुमी शिकेल मानसं, तुमाले कसं माईत असन?"

या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर चारुशीलाबाईंना सोपं गेलं असतं. प्रमाणपत्र अवजारांच्या खोलीत टांगलेलं आहे. त्या खोलीतून खुरपी आणायला त्या आता दुसऱ्या कुणाला तरी पाठवतात.

माणिकबाई अजूनही सकाळी सहाला येतात. धर्मपालना बोलतात, चहा दोनदा घेतात. फक्त साधं तण उपटायचं असलं, तरी आधी चारुशीलाबाईंकडे बघून विचारतात, "म्याडम, हे उपटू काय?" कोपऱ्यातल्या वाफ्यात यंदा रोपवाटिकेतून आणलेली जांभळी वांगी आहेत. माणिकबाई त्यांना पाणी देतात, पण आपल्या वाटणीची वांगी घरी नेत नाहीत.