बिलियर्डच्या बॉलवरची वाफ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला आयुष्यभर चीड होती. कोणी म्हणालं, अमक्या वळणावर पांढरी साडी दिसली, की मी विचारायचो — चष्म्याचा नंबर तपासला का? आज ऐंशी उलटल्यावर मीच या सदरासाठी लिहायला बसलोय. पण माझ्या हकीकतीत रात्र नाही, स्मशान नाही, पिंपळ नाही. जे घडलं ते नागपूरच्या भर उन्हाळ्यात, भर दुपारी घडलं... आणि ते माझ्यामुळे घडलं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. सिव्हिल लाइन्समध्ये एक जुना क्लब होता, नाव मुद्दाम देत नाही. इंग्रजांच्या वेळची कौलारू इमारत, पुढे लॉन, मागे नोकरांच्या खोल्या. मी तिथे कारकून, राहायलाही मागच्याच एका खोलीत. चाव्या, बिलं, लॉन्ड्री, बारचा साठा, सगळं माझ्याकडे. एका टोकाला बिलियर्ड रूम. मध्ये हिरव्या कापडाचं भलं मोठं टेबल, खिडकीत खसच्या ताट्यांचा कूलर.

त्या खोलीचे मार्कर होते मेश्राम. मार्कर म्हणजे गुण मोजणारा, टेबलाला ब्रश मारणारा आणि बॉल साफ करणारा माणूस. तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करायचो, वयाने ते माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे असूनही. आता अहो-जाहो करतोय, त्याला काय अर्थ ते वाचणाऱ्याने ठरवावं. त्यांच्या घराने छप्पन साली दीक्षा घेतली होती. तेव्हापासून म्हणे त्यांनी कोणापुढे पाठ वाकवली नव्हती, टेबलावर नेम धरताना सोडून. हे ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

आमचं जमत नव्हतं. का, ते लपवत नाही. एकदा मेंबर लोकांसमोर मी हौसेने खेळायची काठी उचलली, तर मेश्राम म्हणाले, "बाबू, जरा हळू. हे झाडू नोय." सगळी खोली हसली. झाडू हा शब्द त्यांनी मला ऐकवावा, हे मला झोंबलं. दुसऱ्या कोणी तोच विनोद केला असता तर मीही हसलो असतो.

त्यांची बॉल साफ करायची पद्धत ठरलेली. दुपारी जेवणाआधी एका घमेल्यात कोमट पाणी, त्यात साबणाचा थेंब. रोजच्या खेळाचे बॉल त्यात धुवायचे, कोरडे करायचे, मग एकेक बॉल तोंडाजवळ धरून "हाऽऽ" करून वाफ मारायची आणि जुन्या मलमलच्या फडक्याने घासायचं. आधी पांढरा, मग ठिपक्याचा पांढरा, शेवटी लाल. वाफ मारायची म्हणून गालात कायम लवंग. तीन हस्तिदंती बॉल मात्र वेगळे, मखमलीच्या पेटीत. ते फक्त वार्षिक सामन्याला निघायचे. त्यांना पाणी वर्ज्य. नुसती वाफ आणि फडकं.

त्या वाफेवरून कुरबुर सुरू झाली. एक वकीलसाहेब होते, क्लबाचे सेक्रेटरी. एक दिवस मला म्हणाले, "अरे, तो तोंडातली वाफ मारतो, आणि आम्ही ते हातात घ्यायचं? काही सोय कर ना." आधीच्या मार्करनेही वाफच मारली होती. त्याच्या वाफेबद्दल कोणी बोललं नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. मी फक्त "हो साहेब" म्हणालो.

सोय झाली. एका मेंबरच्या वर्कशॉपमधून पॉलिशचं मशीन बनून आलं. मोटर, वर लोखंडी ड्रम, आतून नमदा, म्हणजे जाड लोकरी अस्तर. बॉल टाकायचे, झाकण लावायचं, बटण दाबायचं. मेश्राम त्याच्याभोवती फिरून आले नि म्हणाले, "चक्की हाय का गा ही? दळण काढून राहिले का साहेबलोक?"

रोजचे बॉल मशीनमध्ये बरे निघत. हस्तिदंती टाकायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "ते गरम व्हते. गरम झालं का तडकते. तुमाले पायजे तं तुमी टाका, अन् मंग तुमीच सांगा साहेबाले."

वार्षिक सामन्याचा आदला दिवस. मे महिना. मेश्राम मागच्या खोलीत जेवायला गेले होते. मी पेटी उघडली आणि तिन्ही हस्तिदंती बॉल ड्रममध्ये टाकले. कोणी सांगितलं नव्हतं. उद्या वकीलसाहेबांपुढे ते आरशासारखे चमकले असते आणि मला म्हणता आलं असतं — बघा, तुमचा मार्कर नाही म्हणत होता.

बाहेर काढले तेव्हा हातात धरवेनात. त्याच गरम अवस्थेत पेटीत कसे ठेवणार? मेश्राम येऊन हात लावतील म्हणून मी घाईत कूलरचं मागचं झाकण उघडलं आणि बॉल टाकीतल्या गार पाण्यात सोडले. टिच्... असा बारीक आवाज आला. लाल बॉलवर केसाएवढी भेग आडवी गेली होती. मी तिन्ही वरवर पुसले, भेगेची बाजू खाली करून पेटीत ठेवले नि ऑफिसात जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सामन्याला पेटी उघडली आणि गोंधळ उडाला. मखमलही ओलसर होती. वकीलसाहेब ओरडले, "पाण्यात कोणी घातले हे?" मी तिथेच होतो. म्हणालो, "साहेब, बॉल धुण्याचं काम मेश्रामकडे असतं."

एवढंच. पुढचं सगळं वकीलसाहेबांनी स्वतःच पूर्ण केलं. "सांगितलं होतं, या लोकांना चांगल्या वस्तूची कदर नसते!" मेश्राम पुढे आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाबू, बोला नं. जीभ टाकीत पडली का तुमची?" म्हणजे त्यांना कळलं होतं. टाकीचं झाकण मी नीट लावलं नव्हतं, तेवढ्यावरूनच बहुतेक. मी पेटी बंद करून ऑफिसात नेली. त्याच दिवशी त्यांना काढलं. मागची खोली रिकामी करायला लावली. गेटवरून त्यांची बायको मला म्हणाली, "तुमचं बी पोराबाळाचं घर व्हईल, बाबू." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवा मार्कर मिळेपर्यंत बॉलचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच दुपारी रोजचे बॉल मशीनमधून काढून टेबलावर मांडले. खोलीत मी एकटा, दार आतून बंद, पाणी संपल्यामुळे कूलर बंद. घामाने मी भिजलेला. पाहतो तो पांढऱ्या बॉलवर वाफेचा गोल डाग. कोणीतरी आत्ताच तोंड लावल्यासारखा. मी पुसला. तोवर ठिपक्याच्या बॉलवर उमटला. तो पुसला, तर लालवर. आधी पांढरा, मग ठिपक्याचा, मग लाल.

मी घाबरलो नाही, हे खरं आहे. मी चिडलो. एक बॉल उचलून स्वतः जोर लावून वाफ मारून पाहिली. धरेना. धरणारच नाही, बॉल मशीनमधून निघाल्याने माझ्या श्वासापेक्षा गरम होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच बॉलवर, माझ्या बोटांच्या मध्ये, तो डाग हळूहळू पसरला.

मग मानेवर "हाऽऽ" झालं. ऊन, दमट. लवंगेचा वास.

वळलो. कोणी नव्हतं. टेबलाच्या कडेवर माझा डावा हात होता. लाल बॉल मधोमध स्थिर होता, तो निघाला... घाई नाही, घरंगळणं नाही, नेम धरून मारल्यासारखा सरळ आला आणि बोटांवर आदळला. मधल्या बोटाचं नख काळंनिळं झालं. ते पुढे गळून पडलं आणि वाकडं उगवलं. अजून तसंच आहे.

रोज हेच. मशीन चालू असताना ड्रमला आतून ठोके बसायचे. बॉलचे नव्हेत, मुठीचे. मी जोडलेले हात तिथे चालत नव्हते. एकदा "माफ करा" म्हटलं तर झाकण उडून कानाजवळून गेलं. ते जे काही होतं, त्याला माझ्याकडून शब्द नको होते.

मग मेंबरांसमोर झालं. संध्याकाळचा खेळ, सगळे दिवे चालू. वकीलसाहेबांनी पांढरा बॉल उचलला आणि अंगावर पाल पडल्यासारखा टाकला. "अरे, हा ओला आहे! गरम आहे!" सगळ्यांनी हात लावून पाहिला. वकीलसाहेब माझ्यावर उलटले, "पाण्यात बुडवून आणलेस का? मेश्राम तर आता इथे नाही ना?"

त्या रात्री माझी खात्री पटली — मेश्रामांनी जिवाचं काहीतरी बरंवाईट करून घेतलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून शहराबाहेरच्या वाडीला गेलो; ते तिकडे हमालीला लागल्याचं क्लबात कानावर आलं होतं. ट्रान्सपोर्टच्या गोदामांवर विचारत विचारत. एका गोदामापुढे ट्रकमधून पोती उतरत होती, आणि पोत्याखाली मेश्राम. जिवंत. गालात लवंग.

"काहून आला गा?" क्लबात ते मला अहो म्हणायचे. इथे मी कोणाचा बाबू नव्हतो.

मीही त्यांना पहिल्यांदाच अहो म्हणत विचारलं, "तुम्ही दुपारी क्लबात येता का?"

"पोते कोण वाहते मंग, तुहा बाप?" शेजारचे हमाल हसले. त्यांच्यातला एक म्हणाला, "हा कुठी जाते? दुपारी भाकर खाते अन् इथंच सावलीत पडते. झोपीत 'हाऽऽ हाऽऽ' करते, आमाले झोपू देत नाई."

रोज दुपारी का, हे मी त्याला दोनदा विचारून घेतलं. मेश्रामांना मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी पोतं टाकलं आणि जवळ आले. "सदर भागातल्या बिलियर्डच्या हॉलात मार्करची जागा हाय. त्यायनं तुह्या क्लबाले विचारलं. क्लबानं सांगितलं, याचा हात ओला हाय, हस्तिदंत फोडलं यानं. कोण घेईन मले? पोते वाहाले माह्यी कंबर आता पुरत नाई. तू फोडलं नं? मंग सांग कमिटीले."

"सांगतो," मी म्हणालो.

"कधी?"

"रविवारी कमिटी आहे."

"मी गेटवर उभा राहतो. मले तुह्यी माफी नोको. ते तुह्यापाशीच ठेव. माह्या हातावरचं ते काढ."

रविवारी ते खरंच आले. धुतलेला पांढरा शर्ट घालून, गेटच्या बाहेर, उन्हात. कमिटीच्या खोलीच्या खिडकीतून ते मला दिसत होते. ओल्या बॉलचा विषय निघाला. वकीलसाहेबांनी विचारलं, "बोल, काय भानगड आहे?"

मी तोंड उघडलं. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पण नोकरी गेली तर मागची खोली मलाही सोडावी लागणार होती, लग्न ठरलं होतं... आणि माझ्या तोंडून निघालं, "साहेब, लोक म्हणतात, पूर्वी इथे एक गोरा साहेब रोज खेळायचा. तो त्या टेबलापाशीच गेला म्हणे."

असा कोणी साहेब नव्हता. मी त्या क्षणी तयार केला. पण खोलीतला ताण एकदम सुटला. कोणीतरी म्हणालं, "मी लहानपणी काहीतरी ऐकलंय बुवा." वकीलसाहेब चक्क खूश झाले. आपल्या बॉलवर इंग्रजाचा श्वास पडतो, हे त्यांना चाललं. आजही जुने नागपूरकर त्या क्लबातल्या साहेबाच्या भुताची गोष्ट सांगतात, नव्या पिढीचे लोक ती मोबाइलवर पाठवतात. ती गोष्ट माझी आहे. ती खोटी आहे.

बाहेर आलो. मेश्राम गेटच्या गजांना धरून उभे होते.

"सांगितलं?"

"सांगितलं," मी म्हणालो.

त्यांनी गजांवरचे हात काढले. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "बरं केलं गा," एवढंच म्हणाले आणि सदरच्या दिशेने चालू लागले. घाईत नव्हते. पाठ सरळ होती.

त्या दिवसापासून बॉलवर वाफ उमटली नाही. ड्रमला ठोका नाही, मानेवर श्वास नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ते गेलं.

सदरच्या हॉलवाल्याने त्यांना पुन्हा परत पाठवलं, हे मला आठवड्याभरात कळलं. आता ती वाफ परत येणार, म्हणून मी रोज दुपारी त्या खोलीत बॉल मांडून बसायचो. खरंतर यावं असंच वाटायचं. आलं नाही. मी परत वाडीला गेलो नाही. मेश्राम कंबर मोडेपर्यंत पोतीच वाहत राहिले आणि काही वर्षांनी वारले, हे त्यांच्या बरोबरच्या एका हमालाकडून बाजारात कळलं.

जिवंत माणूस वाडीत झोपलेला असताना त्याचा श्वास सिव्हिल लाइन्समधल्या गरम बॉलवर कसा धरला, हे मी डॉक्टरांना विचारलं, फिजिक्सच्या एका मास्तरांना विचारलं. ते सुटलेलं नाही. त्याहून न सुटलेलं दुसरंच आहे. जे बंद ड्रममधल्या बॉलपर्यंत पोचू शकत होतं, त्याला माझं ते "सांगितलं" खोटं आहे, हे कळू नये?

वकीलसाहेब गेले, कमिटीतले सगळे गेले, क्लबाच्या जागी आता फ्लॅट आहेत. ज्यांना सांगायचं त्यांच्यातलं कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. लाल हस्तिदंती बॉल मी फोडला. मेश्रामांचा हात कोरडा होता.