बिनगुळाचं धिरडं

डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगून छगनचा गूळ-भात तोडला. तेव्हापासून त्याची बायको राहीबाई लिंबू पिळून दूध फाडायची, त्याचा चोथा हरभऱ्याच्या पिठात कालवायची आणि त्याची धिरडी घालायची. "गुळाबिगर मानूस जगतं व्हय?" तीन वर्षं तो रोज कुरकुरत खात राहिला.

एकाहत्तरच्या पौषात छगन गेला. दहाव्याला पुणतांब्याच्या घाटावर तिनं पिंडाशेजारी गुळाचं धिरडं ठेवलं. उन्हं चढली, तरी कावळा शिवेना. भाऊबंद ताटकळले. शेवटी तणतणत ती घरी गेली अन् चोथ्याचं धिरडं करून घेऊन आली.

ते ठेवताच कावळ्यानं झडप घातली.

राहीबाई कावळ्याकडं बघत ओरडली,

"जित्तेपनी येकदा तरी बरं लागतं म्हनायचं हुतं की तुमी!"