पुस्तकातून उतरवायचा डोळा

बैलाचे डोळे मी आणले, कापलेही मीच. मायक्रोस्कोपला डोळा लावायची माझी पाळी आली तेव्हा प्रोफेसर म्हणाले, "तू नको. तू पुस्तकातून आकृती उतरव."

सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला आम्ही अकरा जण. दहा वरच्या जातींचे, मी महारवाड्यातला, लोणंदजवळच्या खेड्यातला. लढाई संपली होती, स्वातंत्र्य दाराशी आलं होतं म्हणे. कुणाच्या दाराशी, ते विचारू नका.

पहिल्याच महिन्यात प्रोफेसरांनी मला उभं केलं होतं. तुमच्याकडे मेलेली ढोरं ओढतात ना, मग डोळे आणत जा. वर्ग हसला. मी आणू लागलो. वाटलं, आपण उपयोगाला पडतोय. मूर्ख होतो. बा खोबणीतून डोळे मोकळे करायचा, मिठाच्या पाण्यात घालून डबा माझ्या हातात द्यायचा. गाडीत वासानं माणसं उठून जायची. वर्गात मी डोळा चिरून भिंग बाहेर काढायचो, गोटीएवढं, स्वच्छ. ते त्यांना चालायचं, कारण चिमट्यानं उचलायचं होतं. माझा डोळा लागलेली मायक्रोस्कोपची नळी मात्र चालत नव्हती. माझ्यामागून त्यांना तिथंच डोळा लावायचा होता.

त्या दिवशी काचेवर कोंबडीच्या अंड्यातला दोन दिवसांचा गर्भ होता. प्रोफेसर शिकवत होते. छान शिकवायचे, खोटं कशाला बोलू. मेंदूतून एक फुगा वाढत येतो आणि वरच्या कातडीला शिवतो. शिवला तरच त्या कातडीचं भिंग होतं. नाही शिवला तर कातडी कातडीच राहते. हे तो माणूस आम्हाला सांगत होता, आणि मला टेबलापासून चार हात लांब बसवून सांगत होता. पुढं माझं सगळं संशोधन यातच गेलं. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, मग डोळ्याची जनुकं डोळ्यातच का जागी होतात? बाकीच्या ठिकाणी त्यांना कोण गप्प बसवतं? त्या दिवशी हे शब्द माझ्याकडं नव्हते. नुसता राग होता.

वहीवर प्रोफेसरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नव्हतं. पुस्तकातून उतरवलं की सही मिळणार होती. मी उठलो, टेबलापाशी गेलो आणि नळीला डोळा लावला.

दिसलं. वाटीसारखा डोळा आणि वाटीच्या तोंडाशी इवलंसं भिंग. पाच-सहा श्वास बघितलं असेल. मग मागून कुणीतरी माझी मान धरून दाबली. पितळी कडा भुवईत घुसली. हळदीच्या अडत्याचा पोरगा होता तो, माझ्या पुढच्या बाकावरचा. मला खाली पाडलं. लाथा पोटात, लाथा तोंडावर. रक्तानं एक डोळा मिटला.

प्रोफेसर म्हणाले, "काच सांभाळा रे."

एवढंच म्हणाले.

तोवर मी कधी कुणावर हात टाकला नव्हता. त्या पोराचं मनगट माझ्या तोंडाशी आलं आणि मी चावलो. दात हाडाला लागेपर्यंत चावलो. तो बोंबलला, बाकीचे मागं सरले. मला बरं वाटलं. आजही त्याची लाज वाटत नाही.

माफीनामा लिही, नाहीतर कॉलेजातून नाव काढतो, असा प्रोफेसरांचा निरोप आला. बाला बोलावून घेतलं होतं. तो कॉलेजच्या पायरीखाली उभा, डोक्याचं मुंडासं हातात. माझं सुजलेलं तोंड त्यानं बघितलं.

"लिवून दे लेका," तो म्हणाला. "कागदच हाय."

"न्हाई लिवायचा, बा. आन् तूबी आता ढोर वडायचं न्हाईस."

त्यानं मुंडासं डोक्याला बांधलं.

माफीसाठी दिलेल्या कोऱ्या कागदावर मी जे बघितलं होतं ते काढलं. खाली माझं नाव, गाव, जात लिहिली. कागद प्रोफेसरांच्या पुढ्यात ठेवला.

"पुस्तकातली आकृती चुकलीय," मी म्हणालो. "भिंग एवढं मोठं नसतं. मी बघितलंय."

त्यांनी कागद फाडला. वर्ष जाईल तुझं, म्हणाले. वर्ष गेलंच. मी पुण्याची गाडी धरली ती एक ठरवून: जिथं काचेला डोळा लावू देतील तिथं शिकेन, नाही लावू दिला तर काच फोडेन, पण दुसऱ्यानं बघितलेलं उतरवणार नाही.