ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून

लोकांच्या बोलण्यातून त्यांचं गाव काढून टाकायचं, हे माझं काम. मैसूरला जयलक्ष्मीपुरममध्ये एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरतो. कॉल सेंटरची नोकरी हवी असलेली पोरं सहा आठवडे माझ्यासमोर बसून जबडे हलवतात. आमच्याकडे इंग्लंडचं काम होतं तेव्हा मी त्यांना ‘आर’ गिळायला शिकवत होते. मग ते काम गेलं, अमेरिकेचं आलं, आणि तोच ‘आर’ जीभ मागे ओढून घोळवायला लावला. ‘वॉटर’चं ‘वॉडर’ झालं, ‘शेड्यूल’चं ‘स्केजूल’ झालं. एकाने विचारलं, मॅम, मग आधी शिकवलंत ते चूक होतं का? ज्याचा फोन, त्याचं बरोबर, असं सांगून मी त्याला खाली बसवलं.

मी चांगलं शिकवते, पण प्रेमाने नाही. माझी एक पद्धत होती. दर शनिवारी एकेकाचा आवाज रेकॉर्ड करून सगळ्या वर्गाला ऐकवायचा, आणि ऐकताना जिथे जिथे त्याच्या घरची बोली डोकावेल तिथे बाकीच्यांनी हात वर करायचे. पोरं एकमेकांवर तुटून पडत. ज्याचा आवाज वाजत असे तो टेबलाकडे बघत बसे. पोरी रडत, आणि मी त्यांना रडतानाही तोंड नीट उघडायला सांगत असे. माझा निकाल मात्र सगळ्यांत वरचा होता, त्यामुळे ऑफिसात कुणी चकार शब्द काढत नसे.

ऑफिसात माझ्याबद्दल सगळ्यांचा असा समज होता की मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि आमच्या घरी इंग्रजीच चालतं. हा समज मीच करून दिला होता. खरं तर आम्ही शिंपी. वडिलांचं शिवणाचं दुकान, घरात अर्धं मराठी अर्धं कन्नड, आणि एकादशीला आमच्या लोकांच्या विठ्ठलाच्या देवळात भजन. इंग्रजी मी पंचविशीनंतर कॅसेटी ऐकून ऐकून कमावलं, आणि ते कुठून आलं हे कुणाला कळू द्यायचं नाही, असं ठरवून टाकलं.

अशात हुणसूरहून आत्याचा फोन आला. आत्या विधवा आहे, ब्लाउज शिवते. तिची मुलगी बी. कॉम. होऊन घरीच बसली होती, म्हणजे दिवसभर जमिनीवर बसून हूक लावत होती आणि साड्यांना फॉल. ही नोकरी लागली तर ती मैसूरला राहणार होती. नाही लागली तर हूक आहेतच. आत्या म्हणाली, तू आहेस म्हणून धाडते. मी पोरीला अट घातली: वर्गात मी तुला ओळखत नाही, तू मला ओळखत नाहीस. पोरीने ती अशी पाळली की पहिल्या दिवशी तिने मला स्वतःचं नावसुद्धा स्पेलिंगसकट सांगितलं.

नातं उघडं पडू नये म्हणून मी तिलाच जास्त झोडपलं. दर शनिवारी पहिला आवाज तिचा. पहिल्या खेपेला तर हात खालीच येईनात. ती पहाटेची बस धरून यायची, डब्यात दहीभात असायचा, आणि मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं की काहींच्या आवाजालासुद्धा डब्याचा वास येतो. वर्ग हसला. तीही थोडी हसली, कारण सगळे हसत होते.

दुसऱ्या आठवड्यात तिने जिन्यात मला गाठलं आणि विचारलं, “अक्का, तुझं बोलणं फोनात घेऊन ठेवू काय? बसमध्ये म्हणत जाते.” मी इकडेतिकडे बघून हो म्हटलं.

आमच्या भजनाची एक रीत आहे. पुढचा एक जण ओळ सांगतो आणि मागचे ती जशीच्या तशी उचलतात. तो जिथे श्वास घेईल तिथेच श्वास, तो जिथे आवाज ओढेल तिथेच ओढायचा. पुढचा चुकला तर मागच्यांनीही तसंच चुकायचं, सुधारायला जायचं नाही. ही पोर चालायला लागली तेव्हापासून त्या मागच्या रांगेत बसलेली. तिने माझं इंग्रजी असंच उचललं. हुणसूर ते मैसूर आणि मैसूर ते हुणसूर, कानात मी आणि ओठांवर मी. पाचव्या शनिवारी तिचा आवाज वाजला आणि एकही हात वर गेला नाही. मला बरं वाटलं नाही. मला दहा वर्षं लागली होती.

परीक्षा एका सकाळी होती. काम देणाऱ्या कंपनीची अमेरिकेतली बाई पडद्यावर, माझ्या शेजारी आमचे साहेब, आणि समोर एकेक पोर. आत्याची मुलगी सात-आठ मिनिटं बोलली. खोटं नाही सांगत, इतकं सफाईदार बोलणारं पोरगं माझ्या वर्गातून तोवर बाहेर पडलं नव्हतं. बाईने तिला दोन वाक्यं पुन्हा म्हणायला लावली, मग तिसऱ्यांदा. मग म्हणाली की सगळं छान आहे, फक्त हिचं तोंड पूर्ण उघडत नाही. ओठ मिटून शब्द डाव्या कोपऱ्यातून येतात, त्यामुळे फोनवर अर्धे शब्द दबतात. एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, हे तुमच्याही बोलण्यात आहे, नाही का? हिने तुमच्याकडून घेतलं का?

साहेबांनी मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मला त्या क्षणी कळलं ते काय आहे. टाचण्या. गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा बेतताना वडील ओठांत टाचण्या धरत आणि उरलेल्या कोपऱ्यातून बोलत. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी उभी राहून तशाच टाचण्या धरत होते. कॅसेटींनी सगळं धुऊन काढलं, पण कॅसेटीला तोंड दिसत नाही. इतक्या वर्षांत हे कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगितलं ते साहेबांच्या देखत. चूक शिकवणाऱ्या मास्तरणीला अमेरिकेच्या कामावर कोण ठेवणार?

मी हसले. मला अजून आठवतं, मी चांगली मोकळी हसले. म्हटलं, “ही हिचीच खोड आहे. वर्गाला कळावी म्हणून मी हिची नक्कल करून दाखवते, ती आता मलाच लागली बघा.”

बाईही हसली. मग तिने पोरीला विचारलं, ही तुझी घरची सवय आहे का? पोरीने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग माझ्याच उच्चारात, माझ्याच ओठांच्या कोपऱ्यातून तिने सांगितलं की हो, आमचं घर शिंप्याचं आहे, लहानपणापासून वडिलांच्या शेजारी टाचण्या तोंडात धरून बोलायची सवय आहे. आत्याचा नवरा बसचा कंडक्टर होता. टाचण्यांची ती हकिगत माझ्या लहानपणची होती. एकादशीच्या फराळाला आमच्या घरी ती हसत हसत सांगितली जायची.

ती नापास झाली. बाईने लिहिलं की दोष जुना आहे, सहा आठवड्यांत जाणार नाही.

जिन्यात ती थांबली होती. मी आधीच चिडले होते, तिला बघून जास्त चिडले. मनात आलं, ही ओरडत का नाही, साहेबांकडे जाऊन सांगत का नाही. ती म्हणाली, “आईला मीच सांगते, मला जमलं नाही म्हणून. तू काय बोलू नकोस.” मी तिला बसला उशीर होईल म्हणून घाई केली. मी नीच आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असल्याने काही होत नाही.

त्यानंतर मी महिनाभर आरशासमोर उभी राहून दातांत पेन्सिल धरून बोलत होते. खोड बरीचशी गेली. पोरांना मी ती आता तक्ता लावून शिकवते, हे असं बोलायचं नाही म्हणून.

चार महिन्यांनी आत्याने जेवायला बोलावलं. टाळता आलं नाही. पोर स्वयंपाकघरात होती, बोटांना सुया टोचल्याचे काळे ठिपके दिसत होते. आत्याने पान वाढलं आणि विषयाला हात घातला. मैसूरबाहेर बेळगोळच्या बाजूला एक नवीन ऑफिस निघालंय, तिथून पोरीला बोलावणं आलंय. पुन्हा सहा आठवडे शिकवणार, मग परीक्षा. मी परीक्षा कोण घेणार ते विचारलं. पोरीने सांगितलं. तीच बाई होती.

मी मनातल्या मनात सगळं पुढचं पाहिलं. वेगळा मास्तर, वेगळं ऑफिस, आणि ही पुन्हा त्या बाईसमोर. महिनाभरात माझी खोड गेली, मग हिचीही जाईल. बाई विचारेल, गेली कशी? आणि कधीतरी हिला वाटेल की आता खरं सांगून टाकावं.

“खरं सांग बघ,” आत्या म्हणाली. “हिला जमतंय काय गे? नाहीतर सुम्ने, उगाच परत सहा आठवडे बसचे हेलपाटे, आणि परत पोरीचं तोंड एवढंसं. तू मास्तरीण, तुला कळतंय अल्वा? तू हो म्हटलीस तर धाडते. अष्टे, एवढंच.”

पोर सारूचं भांडं घेऊन माझ्या पानाशी वाकली होती. तिने हात थांबवला होता.

“नको धाडू आत्या,” मी म्हटलं. “हिला नाही जमायचं.”

तिने माझ्या भातात पळीने खळगा केला, त्यात सारू ओतलं, आणि आईला म्हणाली, “अक्का सांगतेय ते बरोबर आहे. मला नाही जमायचं.”

आत्याने मान हलवली आणि मला पापड वाढला. मी पानातला भात संपवला, आणि पोरीने विचारलं तेव्हा अजून घेतला.